पाऊस समुद्रावरून येतो, मग देवगडपेक्षा गगनबावड्याला जास्त का?

कातळसडा: देवगड समुद्राला लागून, तिथे वर्षाला साधारण अडीच-तीन हजार मिमी. गगनबावडा पन्नासेक किलोमीटर आत, तिथे पाच हजारांच्या वर. पुढे कोल्हापूरला जेमतेम हजार. समुद्रापासून लांब जाताना पाऊस घटायला हवा, मग मधेच वाढतो कसा? आणि शेजारच्या दोन गावांच्या पर्जन्यमापकांत फरक येतो, तो कितपत खरा धरायचा?

घाटमाथा: अंतर सोडा, चढ बघा. किनाऱ्यावर हवा 29 अंश आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं) 25 असेल, तर फरक 4 अंशांचा. अंशाला 125 मीटर धरले की ढगाचा तळ 500 मीटरवर येतो. वैभववाडीपर्यंत जमीन सखल आहे. करूळ घाटात वाऱ्याला थोडक्या अंतरात पाच-सहाशे मीटर चढावं लागतं, म्हणजे घाटमाथा थेट ढगातच. पावसाळाभर तिथे धुकं असतं ते यामुळेच. ढगाखाली हवा किलोमीटरला 10 अंश थंड होते, ढगात मात्र 4-5 अंशच, कारण बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते. तीच उष्णता हवेला आणखी वर रेटते. माथा ओलांडला की बरंचसं पाणी पडून गेलेलं असतं, हवा उतरताना तापते आणि ढग विरतात. म्हणून कोल्हापूर, सांगली करत जतपर्यंत जाल तर पाचशेच्या आसपास. तिकडची मदार सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गडगडाटी सरींवर जास्त.

खाडीकाठ: हे बरोबर, पण एवढ्याने देवगडचा पाऊस उलगडत नाही. तिथे चढ कुठे आहे? सह्याद्रीला अडून वारा किनाऱ्याआधीच मंदावतो, मागची हवा साचते आणि वर जाते. शिवाय किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार होतो. तो जोरात असला की समुद्रावरच ढग बांधले जातात आणि सखल भागातही मुसळधार पडतो. एकेका दिवसाचे आकडे तर फारच फसवे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी आणि कुलाब्याला 74, दोन्ही मुंबईतच. चढाचा परिणाम बघायचा तर 30 वर्षांची सरासरी घ्या.

नोंदवही: मापकाचं सांगतो. किनाऱ्यावर वारा थेंब तोंडावरून उडवून नेतो, त्यामुळे नोंद कमी येते. मापकाची कड जमिनीपासून 30 सेंमी ठेवा. माड किंवा भिंत जितकी उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतरावर मापक हवा. रोज सकाळी साडेआठलाच मोजा. सगळ्यात मोठी चूक मोजपात्राची: 100 चौरस सेंमी तोंडाच्या मापकात 1 मिमी म्हणजे 10 मिली, 200 च्या मापकात 20 मिली. पात्र बदललं गेलं की आकडा थेट दुप्पट नाहीतर निम्मा.

कातळसडा: मापकावरचा शिक्का पुसला असेल तर 100 की 200 कसं ओळखायचं?

नोंदवही: तोंडाचा आतला व्यास मोजा. 11.3 सेंमी भरला तर 100, 16 भरला तर 200.