भूकंप होऊन नऊ दिवस झाले, तरी जमीन हलल्यासारखी वाटते. खरंच हलतेय का?

उंबरठा :
आमच्याकडे भूकंप होत नाहीत, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. माझे बाबा ८१ वर्षांचे आहेत. त्यांनी उभ्या आयुष्यात एकही धक्का अनुभवला नव्हता.

गेल्या आठवड्यात पहाटे पावणेतीनला मी पाणी प्यायला उठले होते. खालून धप्प असा आवाज आला आणि मागोमाग घरघर सुरू झाली. वाटलं, वॉशिंग मशीन चालू राहिलं. चार पावलांवरच ते आहे. जाऊन वर हात ठेवला, तर मशीन बंद होतं आणि तरी हाताखाली थरथरत होतं. ते काय आहे हे कळायच्या आत अख्खी फरशी आडवी सरकायला लागली. कपाटाची दारं उघडली, भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. मी दाराकडे धावले, कडी काढली, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले. तेव्हा बाबांची हाक ऐकू आली.

बाबा वॉकरशिवाय उठू शकत नाहीत, आणि मी त्यांना तसंच सोडून निघाले होते. परत आत आले तोवर सगळं थांबलं होतं. ते पलंगाची कड घट्ट धरून बसले होते. म्हणाले, "तुला लागलं नाही ना?"

भूकंप ४.८चा होता, केंद्र आमच्यापासून ४५ किलोमीटरवर. त्यानंतर दिवसातून तीन-चारदा मला जमीन डोलल्यासारखी वाटते, जास्त करून रात्री आडवं झाल्यावर. अधिकृत यादीत मात्र नंतरचे दोनच छोटे धक्के आहेत. मग हे माझ्या मनाचे खेळ आहेत का? खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी चीरही गेली आहे, तिची काळजी वाटते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुन्हा झालं तर बाबांना घेऊन नेमकं काय करायचं? "टेबलाखाली शिरा" हे त्यांना जमणारं नाही.

तरंग :
मनाचे खेळ नाहीत आणि बहुतेक भूकंपही नाही. बस लागते ना, तसाच हा प्रकार. डोळे, आतला कान आणि पाय यांच्याकडून येणाऱ्या संदेशांचा मेळ बिघडतो, आणि भीतीने शरीर सतत कानोसा घेत राहतं. जपानमध्ये २०११च्या मोठ्या भूकंपानंतर कितीतरी लोकांना हे झालं. तिथे याला शब्दच आहे, 'जिशिन-योई', म्हणजे भूकंपाने लागणं.

उशाशी अर्धा ग्लास पाणी ठेवा. डोलल्यासारखं वाटलं की दिवा लावून आधी पाण्याकडे बघा. पाणी स्थिर असेल तर ते तुमच्या शरीरातलं आहे. बहुतेकांचं हळूहळू आपोआप जातं. पण खरी चक्कर येत असेल, तोल जात असेल किंवा झोपच उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

मशीनबद्दल वाचून अंगावर काटा आला. तुमचा हात भूकंपाच्या पहिल्या लहरीवर होता. ती वेगाने येते पण तिचा जोर कमी असतो. आडवं हलवणारी दुसरी लहर मागून येते. दोन्हींमधल्या सेकंदांना आठने गुणलं की केंद्राचं अंतर साधारण किलोमीटरमध्ये निघतं. ४५ किलोमीटर म्हणजे पाच-सहा सेकंद, चार पावलं टाकून हात ठेवण्याइतकेच.

निळा_दगड :
काळजी करू नका. साठलेला ताण एकदा निघून गेला की मोठा भूकंप टळतो.

जुनी_वीट :
निळा_दगड, हे बरोबर नाही, आणि असं ऐकून माणसं गाफील राहतात. आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ६.८ला निघेल तेवढी ऊर्जा ४.८च्या भूकंपांनी सोडायची तर असे हजार भूकंप लागतील. यानंतर याहून मोठा येण्याची शक्यता कमी असते, पण शून्य नसते.

मी इमारतींच्या मजबुतीचं काम करतो. "आपल्याकडे होत नाही" या वाक्याची मला फार धास्ती वाटते. किल्लारी नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३:५६ वाजता ६.२चा भूकंप झाला आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे दहा हजार माणसं गेली. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलला १९८९मध्ये फक्त ५.६चा झाला, तरी १३ जण दगावले. शिवाय अशा भागांतला खडक बहुधा जुना, थंड आणि कडक असतो, त्यामुळे हादरा लांबवर पोचतो. २०११मध्ये व्हर्जिनियात ५.८चा भूकंप झाला, आणि सव्वाशे किलोमीटरहून दूर असलेल्या वॉशिंग्टनमधल्या उंच स्मारकाला तडे गेले. ते २०१४पर्यंत बंद होतं.

तुमची चीर : खिडकी-दारांचे कोपरे हे भिंतीचे नाजूक बिंदू, तिरकी चीर तिथूनच निघते. केसाएवढी आणि फक्त गिलाव्यात असेल तर सहसा घाबरायचं कारण नसतं. दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. पुढे सरकली, रुंदावली, भिंतीच्या पलीकडच्या बाजूलाही दिसली, किंवा चीर खांबाला वा तुळईला असेल, तर इंजिनिअरला लगेच बोलवा. आधी सहज लागणारी दारं आता अडकतात का, तेही बघा.

सोबत :
माझी आई वॉकर वापरते, म्हणून मी हे नीट समजून घेतलं आहे. जमीन हलते तेव्हा ती पलंगावर असेल तर तिथेच राहायचं, पालथं होऊन उशीने डोकं आणि मान झाकायची. पालथं होता येत नसेल तर आहे तसं, पण डोकं झाकायचंच. खुर्चीत असेल तर पुढे वाकून हातांनी मान झाकायची. वॉकरला चाकं असतील तर आधी ब्रेक लावायचा. हलत असताना उचलून न्यायला जाऊ नका, दोघंही पडाल.

खरं काम आत्ताच करायचं आहे. पलंग खिडकीपासून लांब घ्या, डोक्यावरचं घड्याळ, फोटो, फळी काढा, कपाट भिंतीला जखडा. वॉकर, चष्मा, विजेरी आणि जाड तळाच्या चपला पलंगाशी ठेवा.

आणि उंबरठा, तुम्ही त्या दोन पायऱ्यांवरून परत फिरलात. हलतंय म्हटल्यावर पाय दाराकडे धावतात, ते विचार करून नसतं.

उंबरठा :
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोनदा डोलल्यासारखं वाटलं, दिवा लावला, पाणी दोन्ही वेळा स्थिर होतं. दुसऱ्यांदा झोप लागली.

चिरीला रेघा मारल्या. ती आतूनच आहे, बाहेरून काही दिसत नाही. पलंग आता दाराजवळच्या भिंतीला आहे, वर काहीही नाही.

बाबांना आज पायऱ्यांबद्दल सांगितलं. त्यांना माहीत होतं, कडी काढल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. म्हणाले, "तू बाहेर पडलीस की नाही, तेच बघायला हाक मारली होती." मग आम्ही दोघांनी उशी डोक्यावर घेऊन बघितली. त्यांना डावा हात वर नेता येत नाही, म्हणून पातळ उशी शोधतेय.