परतीचा सामना, रविवारी पहाटे : ड्यूकविरुद्धचे ते वीस गुण नॉर्थ कॅरोलायनाने किती मनावर घ्यावेत?

गंगापूर रोडचा गार्ड (शुक्रवार, ४ मार्च २०२२, रात्री)

सर्वांना नमस्कार. अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमधल्या ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठ संघांचा परतीचा सामना आपल्या घड्याळाप्रमाणे रविवारी, ६ मार्चला पहाटे साडेचार वाजता सुरू होईल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा शनिवारची संध्याकाळ असेल. सामना डरहॅमला, ड्यूकच्या कॅमेरॉन इनडोअर स्टेडियममध्ये आहे आणि ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की यांचा त्या मैदानावरचा तो शेवटचा सामना आहे. १९८० पासून त्यांनी हा एकच विद्यापीठ संघ सांभाळला, पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली, आणि मोसम संपताच ते थांबणार आहेत.

मी नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूचा आहे, हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे. ५ फेब्रुवारीला चॅपल हिलमध्ये, म्हणजे आमच्याच घरी, ड्यूकने आम्हाला ८७-६७ असे हरवले. ए. जे. ग्रिफिनने एकट्याने २७ गुण केले. तो सामना मी आठवडाभरात पुन्हा दोनदा पाहिला आणि प्रत्येक वेळी एकाच आकड्यापाशी अडलो. सुरुवातीलाच ड्यूकने ३१-८ अशी आघाडी घेतली होती. तेवढा भाग बाजूला ठेवून उरलेल्या सामन्याची बेरीज केली, तर नॉर्थ कॅरोलायनाचे ५९ गुण होतात आणि ड्यूकचे ५६. म्हणजे सुरुवातीची पडझड सोडली, तर उरलेला सामना आम्ही तीन गुणांनी जिंकलेला आहे.

तेव्हा माझा प्रश्न असा, की परतीच्या सामन्याचा अंदाज बांधताना ही बेरीज धरावी की वीस गुणांचा फरक धरावा? आणि दुसरा प्रश्न पंचवटीच्या सरांना : तुम्ही आमचे प्रशिक्षक ह्युबर्ट डेव्हिस यांच्या जागी असता, तर बचावातला आपला सर्वांत भरवशाचा खेळाडू लीकी ब्लॅक याला ग्रिफिनवर लावले असते की ड्यूकच्याच पाओलो बँकेरोवर?

पंचवटीचे सर

तुझी बेरीज बरोबर आहे, पण तिच्यावर विसंबू नकोस. तेवीस गुणांनी पुढे असलेला संघ नंतर त्याच त्वेषाने खेळत नाही, आणि मागे पडलेला संघ गमावण्यासारखे काही उरलेले नसल्यामुळे मोकळ्या हाताने बास्केट टाकतो. म्हणून मी ५९-५६ या आकड्यातून एवढाच अर्थ काढीन, की नॉर्थ कॅरोलायनाला ड्यूकसमोर गुण करता येतात. गुण रोखता येतात की नाही, हे त्यातून कळत नाही.

माझी नजर दुसऱ्या एका आकड्यावर आहे. नॉर्थ कॅरोलायनाचा अर्मांडो बेकॉट मोसमभर सामन्यामागे दहाहून अधिक रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेले चेंडू) घेतो आहे आणि त्या दिवशी त्याला फक्त पाच मिळाले. ड्यूकचा मार्क विल्यम्स सात फुटांचा आहे, त्याचे हात त्याहूनही लांब आहेत, आणि बेकॉट त्याच्याशी उडी मारण्यात स्पर्धा करीत राहिला. ती स्पर्धा तो कधीच जिंकणार नाही. आमच्याकडे सरावाला येणाऱ्या मुलांना मी एक साधा प्रकार देतो. सिमेंटच्या मैदानावर खडूने वर्तुळ आखायचे, मधोमध चेंडू ठेवायचा, आणि दोघांपैकी एकाने पाठ लावून दुसऱ्याला पाच सेकंद त्या चेंडूला हात लावू द्यायचा नाही. पहिल्या दिवशी सगळेच हात पसरून अडवायला जातात आणि हरतात. आठवड्याभरात त्यांना कळते, की पाय रुंद करून कंबर खाली घेतली आणि मागच्याची मांडी आपल्या पाठीला जाणवत ठेवली, की हात लागतच नाहीत. अंगाने लहान असलेला मुलगा मोठ्याला सहज बाहेर ठेवतो. बेकॉट वजनाने आणि खांद्यांनी मजबूत आहे. चेंडू रिंगला लागण्याआधी त्याने विल्यम्सला दोन पावले बाहेर ढकलून धरले, तर उंची कामाला येणार नाही आणि चेंडू कोणत्याही गार्डने उचलला तरी चालेल.

लीकी ब्लॅकबद्दल विचारशील, तर मी त्याला ग्रिफिनवर लावीन. बँकेरो कोणासमोरही आपले गुण करणारच. त्याच्यासमोर ब्रेडी मॅनेकने उभे राहावे आणि त्याला रिंगपासून लांबून बास्केट टाकायला लावावे. ग्रिफिनचे तसे नाही. मोकळी जागा मिळाली, की त्याचे लांबचे फटके एकामागून एक पडतात आणि त्या प्रत्येकाने संपूर्ण सभागृह उठते. गर्दीला उठण्याचे कारण द्यायचे नसेल, तर ग्रिफिनच्या हाती चेंडू पोचूच देऊ नये.

आता निरोपाच्या सोहळ्याविषयी, कारण त्याचा सामन्यावर परिणाम होईल असे मला मनापासून वाटते. बऱ्याच वर्षांपूर्वी नाशिक विभागाच्या आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्यात आमचा संघ घरच्या मैदानावर होता आणि आमचे शारीरिक शिक्षण संचालक त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. सामन्याआधी शाल-श्रीफळ झाले, भाषणे झाली, जुने खेळाडू एकेक करून पाया पडले. आमची मुले गरम केलेले अंग घेऊन अर्धा तास रांगेत उभी राहिली, त्यातल्या दोघांच्या डोळ्यांत पाणी होते. सामना सुरू झाला तेव्हा त्यांचे पाय जड झाले होते आणि मनात एकच विचार होता, की आज सरांसाठी जिंकायचेच. पहिली सहा-सात मिनिटे प्रत्येक जण एकट्यानेच बास्केट करायला धावत होता. पाहुण्या संघावर असले कोणतेच ओझे नव्हते आणि आम्ही हरलो. शशेफ्स्की यांचे जुने शिष्य रविवारी मोठ्या संख्येने येणार आहेत. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना ते सोपे जाणार नाही.

सिडकोचा सेंटर

सर, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून मी असहमत आहे. मी ड्यूकचा पाठीराखा आहे म्हणून नव्हे, तर या मोसमात हा संघ कसा शिकत गेला ते पाहिले म्हणून. चॅपल हिलमधील विजयानंतर दोनच दिवसांनी, ७ फेब्रुवारीला, व्हर्जिनियाने याच कॅमेरॉनमध्ये ड्यूकला ६९-६८ असे एका गुणाने हरवले. मोठ्या विजयानंतर मन सैल पडले, की काय होते ते या मुलांनी तेव्हा स्वतः अनुभवले. त्यानंतर आजपर्यंत ते एकही सामना हरलेले नाहीत, आणि व्हर्जिनियाशी परतीचा सामना त्यांच्या घरी जाऊन ६५-६१ असा जिंकून आले. परतीचे सामने कसे खेळायचे, याची तयारी आणखी कोणती असावी?

ड्यूक २६ विजय आणि ४ पराभवांसह येतो आहे आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या दोन्ही संघांच्या गटाच्या साखळीतले पहिले स्थान त्यांनी आधीच पक्के केले आहे. नॉर्थ कॅरोलायनाचे २२ विजय आणि ८ पराभव आहेत. त्यांतला एक पराभव १६ फेब्रुवारीला पिट्सबर्गकडून, तोही चॅपल हिलमध्ये झालेला आहे. दादा, तुम्ही पहिल्या सामन्यातली पडझड अपवाद म्हणून वगळता, पण पिट्सबर्गविरुद्धही तुमचा संघ सुरुवातीपासून मागेच पडला होता. ज्या संघाला सुरुवात सावध करता येत नाही, त्याच्यासाठी ९,३१४ माणसांचे ते छोटे सभागृह सर्वांत वाईट जागा आहे. चॅपल हिलच्या डीन स्मिथ सेंटरमध्ये २१,७५० माणसे बसतात, तरी आवाज वर छताकडे जातो. कॅमेरॉनमध्ये विद्यार्थी सीमारेषेला चिकटून उभे असतात आणि बाहेरून चेंडू आत टाकणाऱ्या खेळाडूच्या पाठीमागे त्यांचे हात हलत असतात.

ड्यूक दहा-बारा गुणांनी जिंकेल.

नाशिकरोडची पॉइंट गार्ड

सिडकोच्या दादांनी गर्दीचा मुद्दा काढला म्हणून लिहिते आहे. गेल्या वर्षी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनाने कॅमेरॉनमध्येच ड्यूकला ९१-८७ असे हरवले आणि केलेब लव्हने २५ गुण केले. मार्चमध्ये चॅपल हिलला ९१-७३ असे पुन्हा हरवले. कॅमेरॉनमधल्या त्या विजयाचा दाखला नॉर्थ कॅरोलायनाचे समर्थक सध्या वारंवार देत आहेत. पण तेव्हा महासाथीमुळे सभागृह रिकामे होते. लव्ह आणि आर. जे. डेव्हिस हे दोन्ही मुख्य गार्ड भरलेल्या कॅमेरॉनमध्ये अजून एकदाही खेळलेले नाहीत. बेकॉट आणि ब्लॅक २०२० च्या मार्चमध्ये खेळले होते आणि तो सामना ड्यूकने ८९-७६ असा जिंकला होता. मी स्वतः पॉइंट गार्ड आहे. आवाजात आपली हाक पाच पावलांवरच्या सेंटरपर्यंतही पोचत नाही, आणि मग बोटांच्या खुणांवर खेळ चालवावा लागतो. त्या खुणा सरावात पक्क्या केलेल्या नसतील, तर एका चढाईसाठी आपल्याला मिळणारे चोवीस सेकंद केव्हा संपले ते कळतही नाही.

अर्थात तिकडे तीस सेकंद मिळतात आणि मला वाटते, की रविवारी हा फरक नॉर्थ कॅरोलायनाच्या कामाचा आहे. आपण दहा-दहा मिनिटांचे चार भाग खेळतो. तिकडे वीस-वीस मिनिटांचे दोन असतात. पण दूरदर्शनवरच्या सामन्यात प्रत्येक भागात सोळा, बारा, आठ आणि चार मिनिटे उरलेली असताना खेळ थांबला, की ठरलेली विश्रांती मिळते. ह्युबर्ट डेव्हिस सध्या जवळपास सगळा सामना पहिल्या पाच जणांवरच काढतात. अनेक जण ही त्यांची चूक मानतात. या चार-चार थांब्यांमुळे पाच जणांचा श्वास टिकतो आणि पाचही जणांना एकमेकांच्या सवयी ठाऊक असल्यामुळे गोंगाटात हाकेची गरज कमी भासते, असे माझे मत आहे. धोका एकच आहे, तो म्हणजे फाउलचा. बेकॉटला पहिल्या भागात दोन फाउल झाले आणि त्याला बाहेर बसवावे लागले, तर त्याच्या जागी उभा करावा असा माणूस बेंचवर नाही.

शिवाय एका भागात सातवा सांघिक फाउल झाला, की तिकडे एकावर एक फ्री थ्रो (समोर कोणी अडवत नसताना टाकायचा फटका) मिळतो. पहिला चुकला, तर दुसरा मिळतच नाही. सामना शेवटच्या तीन मिनिटांत अटीतटीचा झाला, तर मला हा नियम सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण समोर रिंगच्या मागे हात उंचावून ओरडणारी मुले असतील आणि पहिलाच फटका सर्वांत अवघड असेल.

गंगापूर रोडचा गार्ड

ताई, रिकाम्या सभागृहाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आता लव्हविषयी माझी काळजी वाढली आहे.

तरीही सिडकोच्या दादांना जुना एक दाखला देतो. ८ फेब्रुवारी २०१२ ला चॅपल हिलमध्ये ऑस्टिन रिव्हर्सने शेवटच्या क्षणी लांबून टाकलेल्या चेंडूवर ड्यूकने ८५-८४ असा विजय मिळवला होता. तो फटका आजही सगळे दाखवतात. त्यानंतर महिन्याभराने, ३ मार्चला, नॉर्थ कॅरोलायनाने कॅमेरॉनमध्ये जाऊन ८८-७० असा सामना जिंकला. तो मात्र फारसे कोणी दाखवत नाही. फेब्रुवारीत स्वतःच्या घरी हरलेला संघ मार्चमध्ये त्यांच्या घरी अठरा गुणांनी जिंकू शकतो, हे एकदा घडलेले आहे. उलटही घडते. २०१९ मध्ये ड्यूकच्या झायन विल्यमसनचा बूट पहिल्याच मिनिटात फाटला, ड्यूक तो सामना आणि परतीचाही हरला, आणि झायन परतल्यावर तिसऱ्या भेटीत, कॉन्फरन्सच्या उपांत्य सामन्यात, ७४-७३ असा जिंकला. या दोन संघांत आधीच्या निकालावरून पुढचा सांगता येत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

आणखी एक गोष्ट. पिट्सबर्गकडून हरल्यानंतर नॉर्थ कॅरोलायनाने चारही सामने जिंकले आहेत, त्यांपैकी सिरॅक्यूजविरुद्धचा जादा वेळेत. ड्यूकचे कॉन्फरन्समधले पहिले स्थान ठरलेले आहे. आम्हाला मात्र ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या जागेची अजून धास्ती आहे आणि १३ मार्चला निवड जाहीर होईल. आमच्या मुलांना हा सामना स्वतःसाठी जिंकायचा आहे.

सिडकोचा सेंटर

२०१२ चा दाखला मान्य आहे. पण त्या नॉर्थ कॅरोलायनाच्या बेंचवरही खेळू शकतील अशी माणसे होती. ताईंनी सांगितले तसे बेकॉटचे दोन फाउल लवकर झाले, तर तुम्ही काय कराल? विल्यम्सकडे चेंडू वरून टाकला, की तो थेट रिंगमध्ये घालतो. ड्यूक पहिल्या पाच मिनिटांत हेच करील, याची मला खात्री आहे.

पंचवटीचे सर

करतीलच, आणि म्हणूनच बेकॉटने विल्यम्सच्या मागे राहू नये. त्याने पुढून, चेंडू आणि विल्यम्स यांच्या मध्ये उभे राहावे, आणि वरून येणाऱ्या पाससाठी मागून मॅनेक किंवा ब्लॅक धावत यावा. त्यात एखादी सोपी बास्केट बँकेरोला मिळेल, ती द्यावी. दोन गुण गेले तरी चालतील, बेकॉट मैदानावर राहिला पाहिजे.

दुसऱ्या टोकाला मॅनेकने तीन गुणांच्या रेषेबाहेरच थांबावे. तो बाहेर थांबला, तर बँकेरोला त्याच्यासोबत बाहेर यावे लागते आणि मधली जागा लव्ह व आर. जे. डेव्हिस यांना मोकळी होते. विल्यम्स एकटाच रिंगखाली उरला, की त्याला दोन्ही गार्डपैकी कोणाला अडवायचे ते ठरवावे लागेल, आणि तो जिकडे जाईल त्याच्या पाठीमागे बेकॉट मोकळा असेल. पहिल्या आठ मिनिटांत ड्यूकची आघाडी सहाच्या आत राहिली, तर नॉर्थ कॅरोलायना जिंकेल असे मी म्हणेन. मुले एकट्याने खेळू लागली आहेत की एकमेकांना चेंडू देत आहेत, ते सुरुवातीच्या चार-पाच चढायांतच दिसेल. तुम्ही सगळे तेवढेच पाहा.

रविवारचा सराव सहाऐवजी साडेसातला घेऊ. मैदानाची किल्ली माझ्याकडे आहे.

नाशिकरोडची पॉइंट गार्ड

सर, मी सव्वासातला येऊन मैदान झाडून ठेवते. येताना खडूही आणते. पाठ लावून अडवण्याचे, म्हणजे बॉक्स आउटचे, ते वर्तुळ आमच्या मुलींकडूनही करून घ्या.