मोठ्या कंपनीत 'करिअर' म्हणे! आधी गळ्यातली दोरी कुठल्या रंगाची ते सांगा

पिवळीदोरी
काल इथे एका साहेबांनी लिहिलं की मराठी पोरं बारा हजारावर झेरॉक्सच्या दुकानात बसतील पण भिवंडीच्या गोदामात जायला लाजतात, मोठी लॉजिस्टिक्स कंपनी आहे, पीएफ आहे, ईएसआयसीचा आजारपणाचा विमा आहे, मान मोडून काम केलं की दोन वर्षांत टीम लीडर. खाली टाळ्या वाजवणारे सगळे एसीत बसलेले. कालपासून डोक्यात बसलंय म्हणून लिहितोय.

मी चार वर्षं काढलीत माणकोलीच्या पुढे, रात्री दहा ते सकाळी सात. आमच्याकडे आयकार्डाच्या दोऱ्या दोन रंगाच्या. निळी कंपनीची, पिवळी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची. गेटवर बोर्ड मोठ्या कंपनीचा, टी-शर्टवर नाव तिचंच, घरी आईने पण सगळ्यांना तेच नाव सांगितलं, पण माझ्या पगाराच्या स्लिपवर ते नाव चार वर्षांत एकदाही आलं नाही. तीन एजन्स्या बदलल्या. मी त्याच डॉकवर, म्हणजे माल उतरवायच्या फलाटावर, हातात तीच स्कॅनरची गन, डोक्यावर तोच सुपरवायझर, आणि कागदावर दर वेळी नवीन भरती. टीम लीडर व्हायला आधी निळी दोरी लागते साहेब.

आणि काम काय ते ऐका. ३२ फुटी कंटेनर डॉकला लागतो, लूज लोड, म्हणजे खालपासून वरपर्यंत सुटी खोकी. दिवसभर हायवेच्या उन्हात उभा असलेला, त्यामुळे रात्री अकराला दार उघडलं तरी आतून वाफ तोंडावर येते. दोघं आत, एक बेल्टवर. गनच्या कोपऱ्यात आकडा असतो, स्पीड कमी झाला की लाल. लघवीला गेलात तरी लाल. पुठ्ठा बोटांची कातडी खातो हे किती जणांना माहितीये? तीन-चार महिन्यांत बोटांच्या रेषा गुळगुळीत होतात आणि मग सकाळी सुटताना मशीन थंब घेत नाही. थंब नाही तर हजेरी नाही. म्हणजे ज्याने सगळ्यात जास्त खोकी उचलली त्याचाच खाडा. मी बोटाला थुंकी लावून, पँटीला घासून, वीस-वीस मिनिटं त्या मशीनसमोर उभा राहिलोय.

हब_साहेब
मीच तो साहेब. २००९ साली साडेचार हजारावर लोडर म्हणून लागलो, आज हब सांभाळतो, तेव्हा मला एसी शिकवू नकोस. थंब लागला नाही तर मॅन्युअल हजेरीचं रजिस्टर असतं, मागितलं का कधी? तुला एजन्सी फालतू भेटली, त्याचं खापर अख्ख्या लाइनवर फोडतोयस. दिवाळीच्या सेलमध्ये माणसं तिप्पट लागतात, ती सगळी कायम करून बाकी आठ महिने काय भजी तळायला बसवू?

पिवळीदोरी
रजिस्टर सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरला कुलूप. आणि मी सेलपुरता नव्हतो हो, चार वर्षं होतो. चार वर्षांचा सेल असतो का?

पगारपत्रक
भावना बाजूला ठेवून हिशेब करू, मी रोज हेच करतो. जाहिरातीत २२ हजार. त्यातला मालकाचा पीएफ, मालकाची ईएसआयसी, ग्रॅच्युइटीची तरतूद काढा, ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, राहतो १९ हजार. त्यातून पीएफ १८००, ईएसआयसी १४३, व्यवसाय कर २००. हातात १६,८५७. बायकांना पंचवीस हजारापर्यंत व्यवसाय कर नाही, तेवढे दोनशे जास्त. बसचे कापले तर अजून खाली. यात फसवणूक कुठेच नाही, फक्त २२ हा आकडा कामगाराच्या हातात कधी येत नाही. आणि ग्रॅच्युइटीबद्दल, नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, फिक्स्ड टर्मवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगाराला, आता एका वर्षावर मिळते.

पिवळीदोरी
वा. म्हणजे आता एजन्सी अकरा महिन्यांनी बदलणार.

तीन_गाड्या
गोदामवाले रडतायत बघून हसू आलं. तुम्हाला छप्पर तरी आहे राव. माझ्या तीन गाड्या आहेत, चाकण-भिवंडी लाइन. मागच्या महिन्यात ड्रायव्हर एका गोदामाबाहेर १९ तास लायनीत, ना संडास ना पाणी, डिटेन्शन, म्हणजे गाडी अडकवल्याचे पैसे, मागितलं तर "करारात नाही". आणि आत गेल्यावर वाराई, म्हणजे माल उतरवायचे पैसे! माल पार्टीचा, गोदाम कंपनीचं, उतरवणारी टोळी तिसऱ्याची, आणि पैसे कोणी द्यायचे तर ड्रायव्हरने, त्याशिवाय दाराला हात लावत नाहीत. ज्याचा माल त्याचा हमाल हे बोंबलून आमच्या संघटनांचे घसे बसले. माथाडीच्या नावाखाली नुसती खंडणी चाललीये, त्यावर लिहा आधी.

कोपरखैरणेकर
तोंड सांभाळून. माझे वडील माथाडी होते. पाटण तालुक्यातून आले, आधी मशीद बंदरला, मग मार्केट वाशीला आल्यावर वाशीला. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढायचे, मानेवर घट्टा होता, लहानपणी मी त्यावर बोट दाबून बघायचो. १९६९ चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटलांनी भांडून मिळवला म्हणून त्यांना फंड मिळाला, बोनस मिळाला, आम्हाला कोपरखैरण्यात खोली मिळाली. खंडणीवाले नोंदणीकृत नसतात, ते गावगुंड असतात, त्यांना माथाडी म्हणू नका.

तीन_गाड्या
दादा, वडिलांना नमस्कार. पण माझ्या ड्रायव्हरकडून पैसे घेणारा पावती देतो ती कुठल्या माथाडी बोर्डाची असते ते त्याला विचारायची सोय नाही, तो चार पोरं घेऊन उभा असतो. फरक तुम्हाला दिसतो, आम्हाला फक्त खिसा रिकामा झालेला दिसतो.

कोपरखैरणेकर
मग पोलिसात जा. खऱ्या टोळीची मजुरी बोर्डात जमा होते, वर लेव्ही, म्हणजे फंड-बोनससाठीची जादा रक्कम, लागते, हातात रोख घेत नाही कोणी. तुमच्यासारख्यांनी रोख देऊन देऊन त्यांना मोठं केलंय.

तीन_गाड्या
पोलिसात! गाडी आठ दिवस तिथेच उभी करू का? गाडीच्या कर्जाचा हप्ता तुम्ही भरणार?

भाताची_खाचरं
आमच्या पूर्ण्या-काल्हेरची भाताची खाचरं गेली या गोदामांत, त्याचं कुणाला काय नाही. मुंबईची जकात टाळायला शेठ लोक आमच्या ग्रामपंचायतीत आले, २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, वाटलं आता जातील. उलट राज्याराज्यातली बारकी गोदामं बंद करून सगळं इथेच आणलं. बापाने जमीन विकली, आज मी त्याच जमिनीवर सिक्युरिटीत आहे. आणि तुम्ही दोऱ्यांचे रंग मोजा. रस्त्याचे खड्डे मोजा आधी.

पिवळीदोरी
थांबा जरा, माथाडीवरून आठवलं. आमच्यातल्या एकाने एचआरला विचारलं होतं की आम्ही पण ओझीच उचलतो, मग आमची बोर्डात नोंदणी का नाही. उत्तर काय, तर तुम्ही हमाल नाही, तुम्ही 'असोसिएट'. पोतं उचललं तर हमाल, खोकं उचललं तर असोसिएट. कोपरखैरणेकर, तुमच्या वडिलांना खोली मिळाली, मला इंग्रजी नाव मिळालं.

सॉर्टिंगवाली
मी अजूनही तिथेच आहे, दुसऱ्या कंपनीत, दोरी पिवळीच. सगळं खरं आहे पण एक सांगते. आधी मी घरी धागे कापायचे, नगावर पैसे, तेही शेठच्या मनात आलं तर. नवरा वीस वर्षं यंत्रमागावर, एक रुपया पीएफ नाही, छाती भरून गेलीये त्याची. मला सात तारखेला बँकेत पैसे येतात, ईएसआयसीच्या कार्डावर त्याची औषधं येतात. लाल आकडा मला पण दिसतो. पण घरात पगाराची तारीख असणं म्हणजे काय ते ज्यांच्याकडे आधीपासून होती त्यांना नाही कळणार. उगाच पोरींना घाबरवू नका.

पिवळीदोरी
ताई, तुम्हाला काय बोलणार. माझ्याकडे पण आधी तारीख नव्हतीच, ते मान्य. पण तारीख दिली म्हणून बाकी काही विचारायचंच नाही का?

सॉर्टिंगवाली
विचारा की. तुम्ही विचारा, तुम्ही सोडलीत. मला सोमवारी परत आत जायचंय.

हब_साहेब
बरं. रात्रभर वाचलं सगळं. थंबचं आमच्याकडे पण आहे, खोटं कशाला बोलू. मागच्या आठवड्यात सात जणांचे खाडे मीच दुरुस्त करून पाठवले, त्यातले तीन नामंजूर होऊन परत आले. त्या मशीनच्या जागी चेहऱ्याची मशीन मागितलीये, वरून उत्तर नाही. पण लाजू नका हे माझं म्हणणं मी मागे घेणार नाही. आणि पिवळीदोरी, तुझ्या यूएएनचं, म्हणजे पीएफ नंबरचं, पासबुक बघ, तिन्ही एजन्स्यांनी भरलंय का सगळं.

पिवळीदोरी
बघितलं साहेब. मधल्या एजन्सीचे पाच महिने दिसत नाहीत. कापलेले मात्र आहेत, स्लिप आहे माझ्याकडे.

पगारपत्रक
स्लिप जपून ठेवा, फोटो काढा, शाई उडते. पीएफच्या पोर्टलवर तक्रार टाका, त्यात कंपनीचं नाव मुख्य मालक म्हणून घाला, कंत्राटदाराने नाही भरला तर जबाबदारी तिच्यावर येते.

हब_साहेब
कंपनीचं नाव घालायलाच पाहिजे का?

पिवळीदोरी
आईला चार वर्षं तेच सांगत होतो, एकदा कागदावर पण येऊ दे.

तीन_गाड्या
ते सगळं करा निवांत. माझी गाडी आत्ता सोनाळ्याला लागलीये, दार उघडायचे अडीच हजार मागतायत. कोपरखैरणेकर, द्यायचे की नाही?

कोपरखैरणेकर
पावती माग.

तीन_गाड्या
मागितली. आता तीन हजार म्हणतोय.