विक्री वाढली, पण चालू खात्यात पैसे का राहत नाहीत?

तिखटजाळ
कांदा-लसूण मसाल्याचा लहान कारखाना आहे. महिन्याला साधारण ३ लाखांची विक्री, जवळपास सगळी किराणा दुकानांना उधारीवर. वहीत ४५ हजार नफा दिसतो, पण मिरची भरायला खात्यात पैसे नसतात. दुसरं कांडप यंत्र घ्यायचंय. आधी हिशेबात काय सुधारू?

रोजमेळ
नफा अडकलाय. वसुली सरासरी ४५ दिवसांनी होत असेल तर साडेचार लाख कायम बाजारातच. त्यात मिरचीचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडावर. वर्षाची मिरची तेव्हा भरली की बाकीचा पैसा गोदामात. उरलेलं घरखर्चात जातं. गल्ल्यातून शाळेची फी भरली तर ती धंद्याच्या खर्चात लिहू नका, पण लिहायची सोडूही नका. 'उचल' असं वेगळं खातं उघडा.

रोज दुकान बंद करताना आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा खर्च, आणि हातातल्या नोटा तेवढ्याच हव्यात. फरक आला तर 'फरक' म्हणूनच लिहा. तो 'किरकोळ खर्चा'त ढकलला की मेळाला अर्थ उरत नाही. यूपीआयची जमा रोखीत नाही, बँकेच्या रकान्यात.

खतावणी_४२
नफा खरा आहे हे आधी तपासा. १०० किलो मिरची २०० रुपयांनी घेतली, देठ आणि ओलावा जाऊन ९० किलो उरली, तर भाव २२२ पडला. बहुतेक जण २०० च धरतात.

उधारीची एकूण रक्कम बघून काही कळत नाही, तिचं वय बघा: ३० दिवसांच्या आतली, ६० पर्यंतची, ९० पर्यंतची, त्यापुढची. दुकानदार २० हजारांपैकी ५ हजार टेकवून नवा माल उचलतो आणि जुनं बिल तसंच पडून राहतं. पैसे कोणत्या बिलापोटी आले ते पावतीवर लिहाच.

ताळेबंद
यंत्राला मुदत कर्ज (ठरलेल्या हप्त्यांनी फेडायचं) घ्या, कॅश क्रेडिटमधून (रोजच्या धंद्यासाठी बँक ठरवून देते ती कर्जमर्यादा) घेऊ नका. खेळतं भांडवल आटतं. कॅश क्रेडिट ढोबळमानाने अंदाजित वार्षिक विक्रीच्या २० टक्के, तुमचे स्वतःचे ५. म्हणजे ३६ लाखांवर ७.२ लाख आणि १.८ लाख. पण ही मर्यादा ठरवताना ९० दिवसांवरची उधारी बँका सहसा धरत नाहीत, त्यामुळे वरचा वयाचा तक्ता इथे लागतोच. आणि वसुली बचत खात्यात घेत असाल तर बँकेला ती विक्री दिसतच नाही.

लोकांची मिरची मजुरीने कांडून देता का?

तिखटजाळ
हो, महिना ८-९ हजार. 'इतर जमा'त टाकतो. जीएसटी नोंदणी नाही, वर्षाची विक्री ४० लाखांवर अजून गेली नाही.

ताळेबंद
४० लाखांची सवलत फक्त माल विकणाऱ्याला. कांडप ही सेवा, त्यामुळे तुमची मर्यादा २० लाख, आणि ती मोजताना मसाल्याची विक्रीही धरायची. ती तुम्ही कधीच ओलांडलीत. कांडपाचं पान वेगळं काढा आणि याच आठवड्यात सीएकडे वह्या घेऊन जा, यंत्राचं नंतर.