बाळ घरात आले आहे. गृहकर्जाचा ज्यादा भरणा चालू ठेवावा की थांबवावा?

पहाटपाळी

नमस्कार. आमचे बाळ चार महिन्यांचे आहे. पहाटे साडेतीनला त्याचे दूध पिऊन झाले की ढेकर निघेपर्यंत त्याला खांद्यावर घेऊन मी येरझाऱ्या घालतो आणि दुसऱ्या हाताने फोनवर हिशोब करतो. गेले आठ दिवस हा एकच हिशोब चालू आहे आणि दर पहाटे त्याचे उत्तर वेगळे येते, म्हणून येथे विचारत आहे.

येथील सभासद निरनिराळ्या देशांत राहतात, त्यामुळे रकमा न देता प्रमाण देतो. आम्हा दोघांचे मिळून मासिक उत्पन्न १०० धरले, तर त्यांतले ६० माझे आणि ४० पत्नीचे. गृहकर्ज २० वर्षांचे असून व्याजदर ८.५ टक्के आहे. परतफेडीची तीन वर्षे पूर्ण झाली आहेत. हप्ता ३० आहे आणि अगदी पहिल्या महिन्यापासून आम्ही दरमहा ३ जास्त भरत आलो आहोत, कारण माझ्या वडिलांना निवृत्तीपर्यंत हप्ते फेडताना मी पाहिले आहे. घरखर्च पूर्वी ३५ होता, तो आता ४१ झाला आहे. बाळंतपण आणि घरातले सामान यांत बरीच शिल्लक खर्ची पडली. आज बँकेत बाजूला १२० आहेत.

पत्नीची पगारी रजा अजून दोन महिने आहे. त्यानंतर सहा महिने ती बिनपगारी रजा घेणार आहे. हे आम्ही दोघांनी ठरवले आहे, त्यामुळे त्यावर सल्ला नको. मला पुढच्या महिन्यात ८० इतका बोनस मिळेल, आणि तो संपूर्ण मुद्दलात भरायचा, असा माझा गेल्या वर्षापासूनचा बेत होता. प्रश्न दोन आहेत: दरमहाचे ३ थांबवावेत का, आणि बोनसचे काय करावे?

आकडेमोड

पहाटपाळी, प्रथम अभिनंदन. तुम्ही दिलेले आकडे पुरेसे आहेत, तेव्हा आधी थांबण्याची किंमत काढू, कारण आपण ती नेहमी मनात फुगवून धरतो.

८.५ टक्के दराने २० वर्षांच्या कर्जाला एक लाखामागे साधारण ८६८ हप्ता बसतो. यावरून तुमचे मूळ कर्ज, तुमच्याच मापात, सुमारे ३४५७ येते. हप्त्याच्या एक दशांश रक्कम पहिल्या महिन्यापासून दरमहा मुद्दलात गेली, तर २४० हप्त्यांचे कर्ज १९२ हप्त्यांत, म्हणजे १६ वर्षांत फिटते. चार वर्षे वाचतात, आणि इतक्या लहान रकमेने ती वाचतात याचे कारण असे की सुरुवातीच्या काळात हप्त्यातले फारच थोडे मुद्दलाला लागते. तुमच्या पहिल्या ३० मधले सुमारे साडेचोवीस व्याजात गेले होते. आज तीन वर्षांनंतरही ३० पैकी २२ व्याजातच जात आहेत.

आता समजा, चौथे वर्षभर तुम्ही जास्तीचे ३ भरलेच नाहीत, फक्त नेमका हप्ता भरलात आणि पाचव्या वर्षापासून पुन्हा पूर्ववत भरू लागलात. तर कर्ज १९२ ऐवजी सुमारे १९५ हप्त्यांत फिटेल. एक वर्षाच्या विश्रांतीची किंमत शेवटचे तीन महिने आणि वर काही दिवस, एवढीच आहे. आज तुमच्या हातात ३६ राहतात आणि सोळा वर्षांनंतर त्यांच्यापोटी सुमारे १०५ जातात. हा फरक, म्हणजे ६९, खराच आहे आणि तो मी लपवत नाही. पण आजच्या हातातल्या ३६ चे मोल काय, हे पाहायला हवे.

पुढचे आठ महिने मांडून पाहा. पहिले दोन महिने १०० मधून हप्त्याचे ३० आणि घरखर्चाचे ४१ वजा जाता २९ उरतील, त्यामुळे शिल्लक १२० वरून १७८ होईल. नंतरचे सहा महिने ६० येतील आणि ७१ जातील, म्हणजे दरमहा ११ ची तूट. रजा संपेल तेव्हा गाठीशी ११२ असतील. जास्तीचे ३ चालू ठेवलेत, तर ८८ असतील. तुमचा महिन्याचा अटळ खर्च ७१ आहे; तीन महिन्यांचा राखीव निधी म्हटला तरी २१३ हवेत. तेव्हा दोन्ही आकडे तोकडे आहेत, आणि येथेच बोनसचा प्रश्न सुटतो. ११२ मध्ये ८० मिळवले की १९२ होतात. ही रक्कम २१३ च्या जवळ जाते, आणि पहाटे साडेतीनचा हिशोब बंद होण्यास तेवढे पुरेल असे वाटते.

बोनस वर्षभर थांबवण्याने फार नुकसान होईल असे तुम्हाला वाटत असेल, तर तेही मोजले आहे. ८० आज भरले काय आणि बरोबर एक वर्षाने भरले काय, कर्ज फिटण्याच्या दिवसात साधारण अर्ध्या महिन्याचा फरक पडतो. शिवाय तोवर ती रक्कम ठेवीत असेल, तर तिच्यावर काही व्याज येईल आणि हा फरक आणखी घटेल. बँकेत भरलेले मुद्दल मात्र, साधे कर्जखाते असेल तर, परत मागता येत नाही. रजेच्या चौथ्या महिन्यात नोकरीवर गदा आली, तर ‘मी तीन वर्षे जास्त भरले आहे’ या सबबीवर हप्ता चुकवता येत नाही. ज्यांचे कर्जखाते ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे आहे, त्यांचे गणित वेगळे. तेथे जास्तीची रक्कम व्याजही वाचवते आणि गरज पडल्यास काढताही येते.

एक पुरवणी: तुमच्या आयुष्याचा मुदतविमा निदान उरलेल्या मुद्दलाएवढा, म्हणजे आज सुमारे ३११० चा, आहे ना? नसेल तर ज्यादा भरण्याआधी तो घ्या.

सावकाश

आकडेमोड यांचे गणित बिनचूक आहे. माझी हरकत त्यातल्या ‘पुन्हा पूर्ववत’ या दोन शब्दांना आहे.

आम्हीही मुलीच्या जन्मानंतर ज्यादा भरणा ‘वर्षभरासाठी’ थांबवला होता. वर्ष संपले तेव्हा पाळणाघराची फी सुरू झालेली होती. त्यानंतर गाडी बदलावी लागली, आणि मग तर आपण पूर्वी काही जास्त भरत होतो हेच विस्मरणात गेले. प्रत्यक्षात पुन्हा सुरुवात झाली ती साडेचार वर्षांनी. सुटलेली रक्कम घरखर्चात कधी विरघळली, हे आम्हाला आजही सांगता येणार नाही, कारण त्या काळात आम्ही कोणतीही उधळपट्टी केल्याचे आठवत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच की थांबवा, पण बँकेला दिलेली स्थायी सूचना रद्द करू नका. तेच ३ त्याच तारखेला कर्जखात्याऐवजी एका वेगळ्या बचत खात्यात वळते होऊ द्या आणि त्या खात्याचे कार्ड घेऊ नका. रजेच्या सहा महिन्यांत तूट भरण्यासाठी त्यातून काढावे लागले तर खुशाल काढा. पण काढताना आपण काढत आहोत हे दिसेल. आम्हाला ते दिसले नाही.

दोन पिशव्या

मी दोन मुलांची आई आहे आणि दोन्ही वेळा बिनपगारी रजा घेतली होती. येथे कर्जाचा भाग पुरेसा झाला आहे, म्हणून त्या ‘४१’ बद्दल लिहिते, कारण मला तो आकडा कच्चा वाटतो.

बाळाचा खर्च दरमहा सारखा येत नाही. नवजात बाळाला दिवसाला आठ-दहा डायपर लागतात, काही महिन्यांनी ते पाच-सहावर येतात, पण आकार वाढतो तशी प्रत्येक डायपरची किंमतही वाढते. लसींच्या फेऱ्या पहिल्या वर्षात ठरावीक वयाला दाटीने येतात, त्यामुळे एखाद्या महिन्यात अचानक भार पडतो. सहाव्या महिन्यापासून वरचे अन्न सुरू होते आणि त्याबरोबर भांडीकुंडी, उंच खुर्ची, रांगायला लागल्यावर दारांच्या अडसरांपर्यंत सगळे येते. तेव्हा चालू महिन्याचा खर्च पुढच्या आठ महिन्यांना लावू नका. गेल्या चार महिन्यांची खरेदी काढून तिचे ‘दरमहा लागणारे’ आणि ‘एकदाच लागलेले’ असे दोन भाग करा. आमच्याकडे असे केल्यावर दिसले की ‘एकदाच’ म्हणून घेतलेल्या वस्तू दर महिन्याला नव्या नावाने येत होत्या.

स्वस्तात मिळते म्हणून साठा करण्याचा मोहही आवरा. पहिल्या वेळी मी सर्वांत लहान आकाराच्या डायपरची सहा पाकिटे एकदम आणली होती. त्यांतली दोन फोडण्याआधीच मुलाच्या मांड्यांना त्या पट्ट्या पुरेनाशा झाल्या. ती पाकिटे दुसऱ्या मुलापर्यंत कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून होती, आणि दुसरे मूल जन्मतःच चांगले चार किलोचे निघाले.

यापेक्षा महत्त्वाची बाब म्हणजे रजा संपल्यानंतरचा हिशोब कोणीही मांडलेला नाही. आजपासून मोजता नवव्या महिन्यापासून पत्नीचे ४० पुन्हा सुरू होतील, पण त्याच महिन्यापासून पाळणाघर किंवा सांभाळणारी बाई यांचा खर्चही सुरू होईल. तो कृपया तिच्या ४० मधून वजा करू नका. ‘तिचा अर्धा पगार तर पाळणाघरातच जातो’ हे वाक्य मी सहा वर्षे ऐकले आहे. मूल दोघांचे आहे, तेव्हा ती वजाबाकी १०० मधूनच करावी. त्याचप्रमाणे, तिच्या बिनपगारी महिन्यांत तिच्या निवृत्तीच्या खात्यात काहीच भर पडणार नाही. बोनसमधून एखादा हिस्सा तिकडे गेला, तर तो मुद्दलात गेलेल्या रकमेपेक्षा अधिक न्याय्य ठरेल, असे माझे मत आहे.

आकडेमोड

दोन पिशव्या यांचा शेवटचा मुद्दा माझ्या गणितात नव्हता; तो असायला हवा होता.

पहाटपाळी, तुम्हाला एक विचारायचे राहिले. तुम्ही भरलेले जास्तीचे ३ खरोखर मुद्दलातून वजा झाले आहेत, हे खातेउताऱ्यात तपासले आहे का? काही ठिकाणी जास्तीची रक्कम ‘अंशतः परतफेड’ असे स्पष्ट कळवल्याशिवाय मुद्दलाला लावली जात नाही. ती पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून नुसती पडून राहते आणि व्याज पूर्वीच्याच मुद्दलावर चालू राहते. त्याशिवाय परतफेडीने मुदत कमी होते की हप्ता, हेही पाहा. तुमच्यासारख्याने मुदत कमी करून घेणेच बरे. पण अडचण वाढलीच, तर आजवरच्या भरण्याच्या बळावर हप्ता कमी करून मागता येतो का, हे बँकेला विचारता येईल. फरक मोठा नसेल. उरलेली सतरा वर्षे तशीच ठेवली तर ३० चा हप्ता सुमारे २९ होईल. आणि कराराची अट स्थिर व्याजदराची असेल, तर वर्षाला किती टक्क्यांपर्यंत विनादंड भरता येते तेही वाचा. मोठी रक्कम एकदम भरणाऱ्यांना ती अट नंतर कळते.

पहाटपाळी

सर्वांचे आभार. चार दिवस उशिरा लिहीत आहे, कारण खातेउतारा मिळवण्यातच तीन दिवस गेले.

आकडेमोड यांची शंका खरी निघाली. पहिल्या २७ महिन्यांची जास्तीची रक्कम मुद्दलात गेली आहे. त्यानंतर बँकेने ऑनलाइन भरण्याचा अर्ज बदलला, आणि नव्या अर्जात ‘मुद्दलासाठी’ या पर्यायावर वेगळी खूण करावी लागते. ती मी एकदाही केली नाही. परिणामी गेल्या नऊ महिन्यांचे २७ ‘आगाऊ जमा’ या नावाखाली पडून आहेत आणि त्यांच्यावर मला व्याजाचा काहीही लाभ झालेला नाही. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी सौजन्याने ऐकून घेतले, पण मागच्या तारखेने बदल होणार नाही, असे सांगितले. मला याचा मनस्वी राग आला होता, आणि तो मी बराचसा घरी येऊन काढला, ज्याची येथे वाच्यता करण्याचे कारण नाही.

पत्नीने उतारा पाहून एवढेच विचारले की हे २७ सध्या जेथे आहेत, तेथून एखाद्या महिन्याचा हप्ता आपोआप भरला जाईल का. बँकेला लेखी विचारले. उत्तर आले की होय, एखाद्या महिन्यात खात्यात पैसे कमी पडले तर आगाऊ जमेतून हप्ता आधी वळता होतो. म्हणजे ३० मधले २७ तेथे तयारच आहेत. ते आम्ही मुद्दलाकडे न वळवता रजा संपेपर्यंत तसेच ठेवत आहोत.

दरमहाचे ३ या महिन्यापासून सावकाश यांनी सांगितल्याप्रमाणे वेगळ्या खात्यात जातील. बोनसमधले १५ पत्नीच्या निवृत्तीच्या खात्यात टाकायचे आणि ६५ ठेवीत ठेवायचे, असे ठरले आहे. ठेवीची मुदत मुद्दाम नऊ महिन्यांची घेणार आहोत, म्हणजे ती पुरी होईल तेव्हा पाळणाघराची पहिली फी भरून झालेली असेल आणि मुद्दलात किती घालायचे हे खऱ्या आकड्यांवरून ठरवता येईल. घरखर्चाची दोन भागांत फोड अजून झालेली नाही. काल रात्री बसलो होतो, पण ‘एकदाच लागलेले’ या रकान्यात बाळाच्या नखांची तिसरी कात्री लिहावी की नाही यावर आमचे एकमत होण्याआधीच बाळ उठले.