मदत हवी आहे: मॉव्हच्या ओल्या वाळूचा करडा रंग

डच चित्रकार अंतोन मॉव्ह यांच्या १८८२ च्या चित्राची तैलरंगात अभ्यासप्रत करतोय. हॉलंडच्या शेव्हेनिंगन किनाऱ्यावर घोडे सपाट तळाची मासेमारी होडी वाळूवरून ओढताहेत. (तिथे १९०४ पर्यंत बंदरच नव्हतं, म्हणून होड्या थेट किनाऱ्यावर घेत.)

अडचण वाळूची. अल्ट्रामरीन (निळा), रॉ अंबर (तपकिरी), यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) टायटॅनियम व्हाइट पडला की करडा रंग खडूसारखा मेलेला दिसतो; टायटॅनियम फार अपारदर्शक आणि थंड. झिंक व्हाइट अर्धपारदर्शक, पण त्याचा थर पुढे ठिसूळ होऊन तडकतो. लेड व्हाइट विषारी, म्हणून नको.

फिकट, उबदार थर आधी सुकवून त्यावर करड्याचा पातळ ग्लेझ (पारदर्शक थर) दिला तर ती ओल उतरेल का? वरचा थर जास्त तेलकट हवा, हे धरून जवसाचं तेल किती घ्यावं? आणि पाण्याची चमक ओल्या रंगातच ओढावी की सुकल्यावर?