अरेथा फ्रँकलिन नुसती रेकॉर्डवर ऐकणं म्हणजे लग्नाला न जाता अल्बम बघणं. पटतंय का?

सांजसूर

काल रात्री अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिनच्या चर्चमधल्या गाण्याची 'अमेझिंग ग्रेस' ही फिल्म चौथ्यांदा बघितली. नवरा मध्येच सोफ्यावर झोपला, मी दीड वाजता डोळे पुसत बसलेली, तर आता मनातलं बोलूनच टाकते.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातलं एक बाप्टिस्ट चर्च, १३ आणि १४ तारखेच्या दोन रात्री. अरेथा तेव्हा २९ वर्षांची, 'रिस्पेक्ट' या गाण्यामुळे घराघरात पोचलेली, म्हणजे मोठ्यातला मोठा हॉल मिळाला असता, पण बाई निवडते काय तर लहानपणी वडिलांच्या चर्चमध्ये गायलेलं गॉस्पेल, म्हणजे तिथली भक्तिगीतं. मागे चंदेरी जाकिटातला कॉयर (साथीचा गायकवृंद), पियानोवर रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड, लाइट्सच्या उकाड्याने सगळे घामाघूम. फिल्मभर ती जवळजवळ बोलतच नाही, गाणं सोडून एक शब्द जास्तीचा नाही. आणि 'अमेझिंग ग्रेस' चालू असताना तो क्लीव्हलँड, जो कार्यक्रम चालवतोय, तोच बाजूला जाऊन बसतो आणि रुमालात तोंड घालून रडायला लागतो!

माझं म्हणणं एवढंच की तिची स्टुडिओतली गाणी मी वीस वर्षं ऐकतेय, आवडतात, पण ती व्हिजिटिंग कार्डं आहेत. बाई भेटते ती समोर माणसं बसलेली असतात तेव्हाच. बोला.

तबकडी

पहिला विरोध माझा, लिहून घ्या.

ताई, भावना पोचल्या, पण इतिहास उलटा आहे. १९६० ते ६६ ती कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत होती, तेव्हाही लोकांसमोर गातच होती की, आणि तरी कंपनीला कळत नव्हतं हिचं करायचं काय, कधी जॅझ गायला लावा, कधी नाटकातली गाणी द्या. चित्र पालटलं स्टुडिओत. जानेवारी १९६७ मध्ये अटलांटिक रेकॉर्ड कंपनीचा निर्माता जेरी वेक्सलर याने तिला अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओत नेऊन पियानोवर बसवलं, धड एक गाणं पुरं झालं आणि भांडणं होऊन मंडळी पांगली, पण तेवढ्या एका दिवसात तिचा सूर तिला सापडला. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कला 'रिस्पेक्ट'. गाणं मुळात ओटिस रेडिंगचं, १९६५ चं, बायकोने घरी आल्यावर मान द्यावा म्हणणाऱ्या पुरुषाचं. ते अख्खं फिरवून बाईचं केलं, R-E-S-P-E-C-T असं स्पेलिंग म्हणायची जागा मूळ गाण्यात नव्हतीच, मागे बहिणींचं ते टपाटप कोरस, हे सगळं स्टुडिओतलं डोकं आहे. आता हेच गाणं १९७१ च्या फिलमोर वेस्ट या हॉलमधल्या लाइव्ह अल्बमवर ऐका. एवढं पळवलंय की शेवटची लोकल चुकणार असल्यासारखं वाटतं.

त्यामुळे व्हिजिटिंग कार्ड वगैरे नको राव. घर म्हणजे स्टुडिओच, स्टेज म्हणजे अंगण.

सांजसूर

फिलमोरचं पळवलेलं 'रिस्पेक्ट' मलाही आवडत नाही, ते दिलं तुम्हाला. पण त्याच अल्बमवर 'स्पिरिट इन द डार्क' आहे ना? सॅन फ्रान्सिस्कोची हिप्पी पोरं समोर, मागे किंग कर्टिसचा बँड, ऑर्गनवर बिली प्रेस्टन, आणि ७ मार्चच्या रात्री बाई प्रेक्षकांतून कोणाला हाताला धरून आणते तर गायक रे चार्ल्सला. त्याला गाणं नीट माहीतही नसावं असं वाटतं, चाचपडत शिरतो आणि मग दोघं जे सुटतात! हे स्टुडिओत कोण करू देणार, घड्याळ लावून बसलेले असतात.

विणेकरी

मला गॉस्पेलमधलं काही कळत नाही, पण ही फिल्म मी बघितली ती आमच्या पोरीने लावली म्हणून, आणि पहिल्या दहा मिनिटांत म्हटलं अरे हे तर आपलं कीर्तन आहे. बुवा एक ओळ टाकतात, मागचे टाळकरी धृपद धरतात, मग बुवा ती ओळ सोडून वर कुठेतरी जातात आणि खाली टाळकऱ्यांनी पाया पकडून ठेवलेला असतो म्हणून त्यांना जाता येतं. इथे कॉयर तेच करतोय. तो कॉयर हलवणारा उंच माणूस आहे ना, अलेक्झांडर हॅमिल्टन, त्याच्याकडे बघत राहा, अरेथा कुठे वळणार हे त्याला अर्धा श्वास आधी कळतं. आणि मध्येच कोणीतरी उठून नाचायला लागतं, ओरडतं, त्याचं कोणाला काही वाटत नाही. देहूच्या मंडपात वाढलेल्या माणसाला हे समजवायला लागत नाही.

कडूकाढा

झालं! कुठलंही गाणं आणा, दोन तासांत त्याची दिंडी करून पंढरपूरला नेणार आपण 😄

विणेकरी, रागावू नका, धृपदाचं निरीक्षण बरोबर आहे. पण ते चर्च वॉट्समधलं आहे, १९६५ ला त्याच भागात पोलिसांच्या वागण्यावरून दंगल पेटली होती, सहा दिवस, ३४ माणसं गेली. त्यानंतर साडेसहा वर्षांनी तिथल्याच लोकांसमोर ती गातेय. तिचे वडील सी. एल. फ्रँकलिन डेट्रॉइटचे नावाजलेले प्रवचनकार आणि मार्टिन ल्यूथर किंगचे दोस्त. समोरच्यांचं जे रडणं आहे ते नुसतं भक्तीचं नाही, त्यात घरातले मेलेले, तुरुंगात गेलेले सगळे आहेत. 'अगदी आपल्यासारखं' म्हटलं की हे सगळं पुसलं जातं, माझा आक्षेप तेवढाच.

विणेकरी

पुसलं जात नाही हो. चोखोबांचे अभंग रडल्याशिवाय ऐकता येतात का तुम्हाला? देवळाबाहेर उभं केलेल्या माणसाचं गाणं आम्हालाही थोडंफार कळतं. पण दंगलीचं माहीत नव्हतं, ते सांगितलंत बरं केलं.

मायबोलीणबाई

सगळे फिल्मचं कौतुक करताय, मग एक कटू प्रश्न. ही फिल्म बाहेर येऊ नये म्हणून अरेथा स्वतः कोर्टात गेली होती. शूटिंग सिडनी पोलॅकचं, पुढे 'टूट्सी' करणारा तोच, पण त्याच्या टीमने शॉटआधीचे क्लॅपच (चित्र-आवाज जुळवायची खूण) दिले नाहीत, त्यामुळे चित्र आणि आवाज जुळेनात आणि रिळं कित्येक वर्षं डब्यात पडून राहिली. नंतर डिजिटल तंत्राने जुळवलं तेव्हा हिने अडवलं, २०१५ मध्ये टेल्युराइड फेस्टिव्हलचा शोसुद्धा कोर्टाकडून थांबवला. ऑगस्ट २०१८ मध्ये ती गेली आणि नोव्हेंबरमध्ये, तीनच महिन्यांत, फिल्म पडद्यावर! कुटुंबाने हो म्हटलं, कायद्याने ठीक असेल, पण बाई जिवंत असेपर्यंत नाही म्हणत होती ना? सांजसूर, तुम्ही चार वेळा जे बघितलंत ते तिने तुम्हाला दाखवायचं नाही असं ठरवलेलं होतं.

सांजसूर

हे टोचलं. खरंच टोचलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि पाचव्यांदा बघणार नाही असंही म्हणू शकत नाही.

तबकडी

मी देतो उत्तर, तेही माझ्याच बाजूचं 😎 तिने फिल्म अडवली, रेकॉर्ड नाही. 'अमेझिंग ग्रेस' हा डबल अल्बम त्याच वर्षी, १९७२ लाच, तिच्या संमतीने आला, दोन रात्रींतलं हवं ते निवडून, क्रम लावून, आणि विसेक लाख खपला. म्हणजे त्या दोन रात्रींचं जे तिला जगाला द्यायचं होतं ते तिने तबकडीवर दिलं. कोर्टाने माझ्या बाजूने निकाल दिला असं समजतो.

कडूकाढा

तबकडीराव, कोर्टात चेहऱ्याच्या हक्काचा आणि पैशाचा वाद होता, 'स्टुडिओ श्रेष्ठ की स्टेज' असा खटला नव्हता. आणि तुमची ती तबकडी लाइव्हचीच आहे, स्वतःच्याच गोलात बॉल मारलात.

मोटारनगरी

मी गेली सतरा वर्षं डेट्रॉइटजवळ राहतो, आमच्याकडे अरेथा म्हणजे शेजारीण. १९८० च्या दशकात तिने विमान कायमचं सोडलं, भीती बसली होती, मग बसने फिरायची, त्यामुळे तुमच्याकडे सोडा, युरोपातही ती परत गेली नाही. आम्हाला मात्र ती घरबसल्या मिळायची. नदीकाठचं चेन पार्क आहे ना, ज्याला आता तिचंच नाव दिलंय, तिथे एकदा बायकोला घेऊन गेलो होतो. तिला (बायकोला) इंग्रजी गाण्यांचं काडीचं वेड नाही, आशाबाईंच्या पुढे जग संपतं. बाईंचा आवाज तोवर जड झालेला, वरच्या जागा सगळ्या मिळत नव्हत्या, मग ती काय करायची तर तिथपर्यंत जायचीच नाही, एक पायरी खाली थांबायची आणि ती वरची जागा लोकांच्या घशातून यायची. अख्खा नदीकाठ गायचा. बायको परत येताना गाडीत म्हणाली, ही बाई न गाता गाते. मला याहून चांगलं सांगता येणार नाही.

अजून एक. ती गाण्याचे पैसे आधी रोख घ्यायची आणि पर्स स्टेजवर डोळ्यांसमोर ठेवायची. लोक हसतात यावर. पण काळ्या गायकांना गाऊन घेऊन हात हलवत घरी पाठवायचे ते दिवस तिने लहानपणापासून बघितलेले होते. पर्स पियानोवर, मग गाणं. मला त्यात काही हसण्यासारखं दिसत नाही.

कडूकाढा

शेजारीण आहे म्हणून सगळं गोडच का? तुमच्याच गावात २०१६ च्या थँक्सगिव्हिंगला फुटबॉल मॅचआधी तिने राष्ट्रगीत म्हटलं होतं, चार मिनिटांच्या वर! खेळाडू ताटकळत उभे. प्रत्येक शब्दावर हरकत, हरकतीवर मुरकी, मुरकीवर खटका. बालगंधर्वांच्या काळातली नाट्यपदं आठवली, वन्समोर न मागता तीनदा म्हणणारी. लाइव्हची नशा चढली की असं होतं, थांबवणारं कोणी नसतं. स्टुडिओत निदान वेक्सलर होता.

मोटारनगरी

ऐकलंय ते. लांबलं, मान्य. पण ७४ वर्षांची, आजारातून गेलेली बाई, डोक्यात आमच्या टीमची लोकरी टोपी घालून स्वतः पियानो वाजवत गातेय, मी तिला मिनिटं मोजून दाखवणार नाही. ताटकळू देत खेळाडू, मॅच दर वर्षी असते.

रियाजी

आता २०१५ च्या केनेडी सेंटरच्या व्हिडिओवर पण भांडून घ्या एकदा. गाणाऱ्याच्या नजरेने सांगते, मी शिकवते म्हणून. संगीतकार-गायिका कॅरोल किंगचा सत्कार, तिनेच बांधलेलं आणि अरेथाने १९६७ ला गायलेलं 'नॅचरल वुमन', समोर ओबामा डोळा पुसतोय, कॅरोल किंग डोक्याला हात लावून वेडी झालीय, आणि शेवटाकडे ही फरचा कोट खांद्यावरून खाली सोडते. लोक कोटाचं बोलतात. मी विद्यार्थ्यांना त्याआधीचा भाग दाखवते, ती पियानोवर बसलीय तेव्हाचा. ७३ व्या वर्षी दम पुरत नाही हे तिला पक्कं माहीत आहे, म्हणून ओळ तोडते कुठे तर अर्थाच्या जागी, श्वास घेतला असं वाटतच नाही, विचार करतेय असं वाटतं. पियानोचे सूर तिने श्वासाच्या जागांत पेरलेत. कोट नंतर पडतो, लोकांना जिंकून झालेलं असतं.

आणि गंमत बघा, वॉट्सच्या त्या चर्चमध्ये १९७२ लाही तिने कॅरोल किंगचं एक गाणं घेतलं होतं, 'यू हॅव गॉट अ फ्रेंड', आणि ते 'प्रेशस लॉर्ड' या भजनात मिसळून टाकलं. मित्र म्हणजे थेट देव केला. ४३ वर्षांचं येणंजाणं आहे त्या दोघींच्या गाण्यांत.

तबकडी

हे नव्हतं लक्षात आलं. पण रियाजी, तुम्ही सांगताय ती करामत म्हणजे उतारवयाची युक्ती. १९६७ ला युक्ती लागत नव्हती, आवाज होता. युक्तीचं कौतुक करा, पण तिला शिखर म्हणू नका. पावरोटी फोडून चहात बुडवली तर लागते छान, पण गरम असताना वेगळीच.

रियाजी

पावरोटीचं उदाहरण चुकीच्या माणसासमोर दिलंत, मला शिळीच आवडते 😂 गंभीरपणे बोलायचं तर आपल्याकडे सत्तरीच्या गवयाचा षड्ज ऐकायला माणसं गर्दी करतात, तिथे कोणी आवाज गेला म्हणत नाही. हा तुमचा रेकॉर्ड कंपनीचा कान आहे.

मायबोलीणबाई

सगळ्यांनी १९९८ चं ग्रॅमी कसं विसरलं? ऑपेरा गायक पावारोत्तीचा घसा बसला, आयत्या वेळी, अर्धा तास असेल नसेल, हिला विचारलं आणि ही त्याच्या पट्टीत, त्याच्यासाठी बांधलेल्या वाद्यवृंदावर 'नेसुन दोर्मा' हे ऑपेरातलं गाणं गायली. दोन दिवस आधी एका कार्यक्रमात तेच म्हटलं होतं म्हणून धाडस झालं, पण तरी.

कडूकाढा

धाडस शंभर टक्के, ऑपेरा मात्र नाही. इटालियन उच्चार तिचे, ताना चर्चच्या. ऑपेरावाले दात खात असतील.

मायबोलीणबाई

खाऊ देत. हॉल उभा राहिला होता.

सांजसूर

तबकडीराव, तुमच्यासाठी एकच गोष्ट आणि मग मी पोळ्या करायला जाते. वॉट्सची दुसरी रात्र, वडील समोर बसलेत, ती पियानोवर 'नेव्हर ग्रो ओल्ड' गातेय, जे तिने १४ वर्षांची असताना वडिलांच्याच चर्चमध्ये रेकॉर्ड केलं होतं. गाता गाता घामाने चेहरा निथळतोय आणि वडील उठून येतात, रुमालाने तिचा चेहरा पुसतात. ती थांबत नाही, मान पण वळवत नाही, गात राहते. हे तबकडीवर कुठे आहे सांगा.

तबकडी

तबकडीवर नाही.

पण ते गाणं आहे, आणि आत्ता लावलंय, डोळे मिटून, चेहरा पुसायच्या आधी. तुम्ही पोळ्या करून या, मी १४ व्या वर्षीचं पण शोधून ठेवतो, दोन्ही शेजारी ठेवून ऐकू. फिलमोरचं 'रिस्पेक्ट' मात्र फास्टच आहे.